पोट्ट्यांची टोळी जंगलात नेताना

डिसेंबर लागला की जंगलातला रायमुनिया, म्हणजे घाणेरीची झुडपं, काढायला आमच्या सपरीत २२ अवजारं भिंतीला टेकून उभी राहतात. ८ टिकास (टिकाव), ६ कोयते, ४ सबली (पहारी), २ कुऱ्हाडी, २ फावडी. टोळीत नवीन आलेला पोट्टा सरळ कुऱ्हाडीला हात घालतो. मी म्हणते, थांब, आधी टिकास उचल, उभं धर आणि दांड्याचं बूड दगडावर आपट. लोखंड सैल असेल तर लगेच खाली सरकतं. मग टिकास उलटं करून दांड्याचं वरचं टोक आपटायचं, लोखंड पुन्हा वर चढून घट्ट बसतं. तरीही हललं तर ते अवजार त्या दिवशी घरी राहतं. काही जण रात्रभर पाण्यात भिजत घालतात. सकाळी दांडा फुगून घट्ट वाटतो, पण दुपारी वाळला की पुन्हा तेच. ती पळवाट मी बंद केली आहे.

हे मी अंगावर बेतल्यावर शिकले. पहिल्या वर्षी एका मोडलेल्या दांड्याच्या जागी कुणीतरी सागाची सरळ काठी ठोकली होती. टिकासाच्या दांड्याचं वरचं टोक जाड लागतं, लोखंड बुडाकडून चढवून त्या जाड टोकाशी अडकवतात. सरळ काठीला अडकायला काहीच नसतं. अकराच्या सुमारास लोखंड उडालं आणि शेजारच्या पोट्ट्याच्या नडगीवर बसलं. सहा टाके पडले. मी दहा हातांवर होते, मान खाली घालून स्वतःच एक झुडूप उपटत होते, मला काही दिसलंच नाही. त्याची माय मला एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून जंगलात माझ्या हातात टिकास नसतं. गळ्यात शिटी, हातात बांबूची काठी, आणि मान वर. टोळी घेऊन जाणाऱ्यानं स्वतः राबून दाखवावं असं गावात सगळे म्हणतात. पहिली दहा मिनिटं दाखवा, नंतर अवजार खाली ठेवा आणि पाहत राहा.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातली. गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क, मिळाला आहे, आणि ग्रामसभेनं जंगलाच्या कामासाठी पोरापोरींची जी टोळी केली ती गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. दरवर्षी आजूबाजूच्या गावांतून कुणी ना कुणी विचारायला येतं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी सातबारा, मग टिकास

पोरं जमली की लगेच निघावंसं वाटतं. पण ज्या जमिनीवर जाणार ती कोणाची, हे तलाठ्याकडून आणि बीटगार्डकडून (वनरक्षकाकडून) नक्की करून घ्या. आपल्या भागात एकाच पांदणीच्या दोन बाजूंना दोन वेगळे कायदे असू शकतात. एकीकडे राखीव वन, पलीकडे झुडपी जंगल, त्यापुढे वनविकास महामंडळाचा सागवान. झुडपी जंगल महसुलाचं, तिथं कुणी विचारत नाही, असं पुष्कळांना वाटतं. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी ८६ हजार हेक्टरांवर जमीन आहे, आणि २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीनच मानली आहे. तेव्हा तिथंही विचारूनच जा.

गावाला सामूहिक वनहक्क असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखण्याचा आणि सुधारण्याचा अधिकार ग्रामसभेचाच आहे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये मिळाला, नंतर आपल्याकडच्या कितीतरी गावांना. पण अधिकार आहे म्हणून न सांगता जाऊ नका. ग्रामसभेचा ठराव घ्या, त्यात जागा, काम, तारखा आणि टोळीतल्यांची नावं लिहा, एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आमच्या पहिल्या ठरावात नुसतं 'जंगल सफाई' लिहिलं होतं. त्यावर वनरक्षकानं विचारलं, सफाई म्हणजे नेमकं काय तोडणार? त्याचं बरोबर होतं. आता आम्ही 'रायमुनिया मुळासकट काढणे, इतर कोणतेही झाड न तोडणे' असं लिहितो.

रोजगार हमीचं मस्टर (हजेरीवरचं मजुरीचं काम) आणि श्रमदान एकाच दिवशी एकाच जागी ठेवू नका. एकाला मजुरी आणि शेजारच्याला नुसता चिवडा, हे दोन तास चालतं, तिसऱ्या तासाला भांडण. समतल चर खोदण्यासारखं मापाचं काम मस्टरवरच होऊ द्या. त्यात घनमीटर मोजले जातात, पैसे त्यावर ठरतात, आणि पोरांना तिथं शिकण्यासारखं म्हणजे ए-फ्रेमनं (A आकाराच्या लाकडी चौकटीनं) समपातळी कशी काढायची एवढंच. ते एका सकाळी होतं.

दिवस कोणते धरायचे

आमच्याकडे धान आहे, त्यामुळे टोळीचं पंचांग धानाकडे पाहून ठरतं. रोवणीत कुणी येणार नाही, कापणी-चुरण्यात कुणी येणार नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई (जत्रा) भरते आणि नाटकं सुरू होतात. आदल्या रात्री नाटक असेल तर दुसऱ्या दिवशी काम ठेवू नका. पहाटेपर्यंत मंडपात बसलेला पोट्टा टिकास हातात घेऊन उभ्या-उभ्या झोपतो, मी पाहिलेलं आहे. म्हणून गावातल्या आणि शेजारच्या चार गावांतल्या नाटकांच्या तारखा आधी वहीत लिहून घेते.

ओल्या मातीत रायमुनिया सहज निघतो, म्हणून पुस्तकी सल्ला पावसाळ्याचा असतो. मला तो आपल्या भागासाठी पटत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रान इतकं दाट असतं की पाच हातांपलीकडचं दिसत नाही, आणि आपल्या रानात पाच हातांपलीकडे काय बसलं असेल ते सांगता येत नाही. मी डिसेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर धरते. माती कडक होते, सबल जास्त लागते, घाम जास्त निघतो. पण दिसतं.

कोणाला घ्यायचं

१८ च्या खालच्यांना आम्ही कुऱ्हाड, कोयता, टिकास देत नाही. त्यांना बी गोळा करणं, पाणी, मोजमाप, नोंदी. तेही घरून होकार आला तरच. बाकी गाभा म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आणि पोरी. पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात, दम आहे, शिस्त आवडते. एकच खोट. प्रत्येकाला आपण किती दमदार आहोत ते दाखवायचं असतं. कोण जास्त झुडपं काढतो अशी पैज लागली की मुळं अर्धवट तुटतात. मी झुडपं मोजत नाही, पाऊण तासाला एक पट्टा संपला का तेवढं पाहते.

सोळा जण पुरे. वीसच्या वर गेलात तर मागच्या टोकाला काय चाललंय ते कळत नाही. त्यांच्या तीन-तीनच्या जोड्या लावायच्या, आणि एका मोहल्ल्याचे तिघं एकत्र नाही द्यायचे. पोरी असतील तर एका जागी किमान दोघी. लघवीला जायची सोय आधी सांगायची. नाल्याच्या कोणत्या वळणावर, कोणासोबत, आणि तिथं जुन्या साडीचा आडोसा. हे न सांगितल्यामुळे पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. पहिल्या वर्षी एक पडली, तेव्हा मला ऊन लागलं असं वाटलं होतं.

आणि एक म्हातारा माणूस घ्याच. आमच्याकडे एक काकाजी येतात, जन्मभर गुरं चारलेले. ते काम करत नाहीत, बसून बिडी ओढतात, आणि बरोबर वेळेला म्हणतात, "तो रायमुनिया नाही रे बाप्पा, निरगुडी हाय ते. ठेव तिले." ही नजर कोणत्याही प्रशिक्षणात मिळत नाही. (बिडीचं मी काही करू शकले नाही. फक्त थोटूक ते स्वतःच्या डबीत ठेवतात, एवढं कबूल करून घेतलं.)

रायमुनिया

घाणेरी, टणटणी म्हणतात तोच. शोभेचं झाड म्हणून इंग्रजांच्या काळात आणला, मूळचा अमेरिका खंडातला. आता आमच्या जंगलात जिथं ऊन पडतं तिथं तो. खाली गवत येत नाही, गवत नाही म्हणून चितळ शेतात येतात, चितळामागे बाकीचे.

कोयत्यानं वरून कापलात तर पावसाळ्यात एका खोडाचे दहा फुटवे होतात, दुप्पट काम. तो फुटतो कुठून, ते पोरांना एकदा झुडूप उकरून दाखवा. खोड आणि मूळ जिथं जुळतं तिथं जमिनीलगत एक गाठीसारखा गड्डा असतो. फुटवे सगळे त्यातून येतात. त्या गड्ड्याच्या खाली, जमिनीपासून दोन-तीन बोटं आत, मुख्य मूळ तोडायचं. गड्डा मातीत राहिला तर काम फुकट, आणि पूर्ण मुळाच्या टोकापर्यंत खणत बसायचीही गरज नाही.

तिघांची जोडी अशी लावते. पहिला कोयत्यानं बाजूच्या फांद्या छाटून खोडापर्यंत वाट करतो. दुसरा टिकासाचा चपटा भाग खोडापासून वीतभर लांब, तिरपा मारतो. सरळ खोडावर मारायचा नाही, लोखंड घसरतं. दोन-तीन घाव एका बाजूनं, मग समोरून एक. मूळ तुटल्याचा आवाज वेगळा येतो, गाजर मोडावं तसा. तिसरा त्याच वेळी खोड धरून मागे ओढतो, आणि झुडूप उलटं करून ठेवतो, मुळं आभाळाकडे, गड्डा मातीला टेकणार नाही असा. दुसऱ्या झुडपाच्या फांद्यांवर किंवा दगडावर. मातीला टेकला तर तो पुन्हा धरतो. दर अर्ध्या तासाला तिघांनी कामं बदलायची. वाकून टिकास मारणाऱ्याची कंबर दुसऱ्या दिवशी बोलते.

फळं लागलेल्या फांद्या जंगलभर ओढत नेऊ नका, बी सांडत जातं. तिथंच ढीग करा. बुलबुल ती काळी फळं खातात आणि मोठ्या झाडावर बसून बी टाकतात, म्हणून एकट्या उभ्या मोहाखाली, बेहड्याखाली नवीन रोपं सगळ्यात जास्त सापडतात. सुरुवात तिथून करा.

आणि एकदम सगळं उघडं करू नका. पहिल्या वर्षी आम्ही हेक्टरभर चकचकीत केलं, फोटो काढले, पेढे वाटले. पुढच्या पावसात तिथं कमरेएवढी रानतुळस. रिकामी जागा काहीतरी भरतंच, तेव्हा आपल्याला हवं ते आधी पेरायला लागतं. आता आम्ही पट्ट्यांत काढतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धुऱ्यांवरून (बांधांवरून) पवन्या आणि मारवेल गवताचं बी झोडून पोत्यात ठेवतो. ते जूनमध्ये पहिल्या पावसाच्या तोंडावर फेकायचं.

मान वर

वाघ ताडोबातच राहतो असं आपल्या ब्रह्मपुरी-सिंदेवाही-नागभीड पट्ट्यातलं लहान पोरही म्हणणार नाही. त्यामुळे माझे काही नियम आहेत आणि ते मोडणारा त्या दिवशी घरी जातो.

सकाळी साडेआठच्या आधी आत जायचं नाही, दुपारी साडेतीनला बाहेर. पहाट आणि संध्याकाळ त्याची. आदल्या संध्याकाळी वनरक्षकाला फोन करून त्या भागात हालचाल आहे का विचारायचं. असेल तर दिवस रद्द, चर्चा नाही. गेल्यावर आधी नाल्याच्या वाळूत पाहायचं, ताजे पगमार्क आहेत का. मग पट्ट्यात शिरायच्या आधी डबे वाजवायचे, ओरडायचं, काठ्या आपटायच्या. रायमुनियाच्या गच्च जाळीत रानडुक्कर, अस्वल, वाघ, सगळ्यांनाच सावली आवडते, आणि त्यांना उठून जायला वाट आणि वेळ दोन्ही द्यायला लागतात. म्हणून तीन बाजूंनी घेरायचं नाही, एकाच बाजूनं जायचं.

काम सुरू असताना दोन जण पाठ कामाकडे आणि तोंड जंगलाकडे करून उभे. त्यांच्या हातात काठी, दुसरं काही नाही. वाकलेला, बसलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, आपल्याकडचे कितीतरी हल्ले गवत कापताना, मोह वेचताना झाले आहेत. पाळी वीस मिनिटांची, कारण त्यानंतर माणूस पाहत असतो पण त्याला दिसत नसतं. वानर खोकायला लागलं, चितळ ओरडलं, की एक शिटी. एक शिटीला सगळे उभे राहतात आणि गप्प. दोन शिट्यांना अवजार हातात घेऊन माझ्याकडे. तीन शिट्यांना गिनती. हे गावातच, शाळेच्या पटांगणात तीन वेळा करून घ्या. पोरं हसतात. हसू द्या.

पहिल्या दिवशी एकजण मला म्हणाला, "का जी ताई, दोन माणसं नुसती उभी ठिवता, तेवढ्यात दोन पट्टे झाले असते." त्यालाच पहिली पाळी दिली.

साप फार सांगत नाही. पाला हातानं नाही, काठीनं सारायचा, उलट्या ढिगात हात घालायचा नाही, पायात बूट. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. हातपाय हलू न देता पडवायचं, १०८ ला फोन, आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठायचं. ते जवळ कुठे आहे, हे कामाला निघायच्या आधीच विचारून ठेवा. आग्या मोहोळ दिसलं तर त्याच्या आसपासचा पट्टा सोडून द्या. खाजकुहिलीच्या शेंगा जानेवारीत वाळतात, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहू नका.

खर्रा, मोबाइल, पाणी

खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, हा या कामातला सगळ्यात अवघड विषय आहे, वाघापेक्षा. मी दोन वर्षं पूर्ण बंदी घालून पाहिली. पोरं लघवीच्या निमित्तानं झुडपामागे जायची आणि मला टोळी सोळाची की तेराची तेच कळेना. आता टोळीत खर्रा फक्त जेवणाच्या सुट्टीत, माझ्यासमोर, आणि त्याची पन्नी (प्लास्टिकचा कागद) माझ्या पिशवीत. संध्याकाळी त्या पन्न्या सगळ्यांसमोर मोजते. पहिल्या दिवशी ३१ निघाल्या होत्या. कुणाला काही बोलत नाही, आकडा वहीत लिहिते. मागच्या हंगामात शेवटच्या दिवशी ९ होत्या.

मोबाइल पिशवीत. एकाचा चालू, जिथं रेंज मिळते ती जागा आधी पाहून ठेवलेली. फोटो जेवणानंतर. कोयता हातात घेऊन रील बनवणाऱ्याला त्या दिवशी पाणी वाहायचं काम.

पाणी माणशी ३ लिटर, हिवाळ्यातही. जेवण ज्याचं त्याचं, पण एक मोठं पातेलं वरण-भात ग्रामसभेकडून. सगळे एका पातेल्यातून जेवले की मोहल्ल्याची भांडणं निम्मी होतात.

फेब्रुवारीनंतर

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. त्याच्या आधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ व्हायला लागतात. पोरांनी इथं झाडायचं, जाळायचं नाही. गोळा केलेला पाला जाळायचा तर वनविभागाचे लोक हजर असताना, त्यांच्याच हातानं. आणि एकदा झाडून संपत नाही. साग मार्चपर्यंत पानं टाकत राहतो, दर पंधरा दिवसांनी फिरायला लागतं.

आगी कशानं लागतात ते गावात सगळ्यांना माहीत असतं, फक्त बोलत कुणी नाही. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी चांगली यावी म्हणून रान पेटवतात. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं तर तेंदू तोडणंच बंद केलं. आमच्या गावाला ते परवडणारं नाही. आम्ही मोहाचं केलं. टोळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मोहाखाली गोल झाडून देते, आणि ज्यांना हवी त्यांना हिरवी जाळी देते. फुलं जाळीवर पडतात, पेटवायची गरजच राहत नाही. कुणाला भाषण देण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं गेलं. झाडायला मात्र ऊन वर आल्यावर जायचं, मोहाच्या दिवसांत पहाटे अस्वल तिथंच असतं.

भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाला दिसलेल्या आगीचा एसएमएस पाठवतं. त्यात आपला नंबर नोंदवून ठेवा. आग लागलीच तर टोळीनं वनरक्षकाला कळवायचं आणि त्याच्या सांगण्यानुसार पळसाच्या ओल्या फांद्यांनी कडेची लहान आग झोडायची. टेकडीच्या चढावर आगीच्या वरच्या अंगाला कुणीही नाही. समोरून उलट आग लावायचं काम पोरांचं नाही. आणि ती भरतीची चकचकीत जर्सी घालून येणाऱ्याला परत पाठवा. ते कापड ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं. सुती शर्ट, पूर्ण बाह्यांचा, मग तो बापाचा असला तरी चालेल.

रोज निघताना आधी माणसं मोजते, मग अवजारं. १६ आणि २२. एकदा कोयता एक कमी निघाला. चार वाजून गेले होते, पोरं म्हणाली, ताई, आम्ही पळत जाऊन आणतो. जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो एका उलट्या झुडपात अडकलेला सापडला, दव पडून थोडा गंजलेला.

काढलेल्या पट्ट्यावर पुढच्या पावसाळ्यात परत जायला लागतं, ते वहीत आत्ताच लिहून ठेवा. बीचं रोपटं वीतभर असतं तेव्हा दोन बोटांनी निघतं, ओली माती असल्यामुळे गड्डाही सोबत येतो. उघड्या पट्ट्यात तेव्हा दूरपर्यंत दिसतं, म्हणून एवढ्यापुरतं पावसाळ्यात जायला माझी हरकत नाही. आम्ही पोळ्याच्या आधीचा रविवार धरतो. त्या दिवशीही दोघं जंगलाकडे तोंड करून उभे असतात, अवजारं मात्र सपरीतच राहतात.